कुणाच्या तरी देणगीवर शिकलेल्यांनो, लिहा (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे अनुभव)

खानापूरची लेक

भाचीच्या अ‍ॅडमिशनला परवा बेळगावात होते. फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक चौकोन होता, देणगीदारांच्या निधीतून मदत हवी आहे का म्हणून. पोरगी पेन धरून माझ्याकडे बघत बसली. म्हटलं, कर खूण. तुझी मावशी त्यावरच शिकली.

तिला हे माहीतच नव्हतं. घरात कधी विषयच निघाला नव्हता, म्हणून इथे लिहिते.

आमचं गाव कणकुंबीच्या अलीकडे, जंगलाला लागून. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावच्या कॅम्पातल्या ख्रिस्ती सिस्टरांच्या हॉस्टेलवर राहिले. दादांकडून मेसबिल यायचं ते भात विकला की. म्हणजे पावसाळाभर थकबाकी. थकलेल्यांची यादी ऑफिसबाहेर लागायची. एका महिन्यात माझं नाव यादीत दिसेना, म्हणून विचारायला गेले. सिस्टरांनी लांबट हिरवी वही उघडली. माझ्या नावापुढे लाल शाईत 'जमा' आणि त्याच्या शेजारी एका परदेशी बाईचं नाव.

नाताळच्या आधी त्या बाईंना पत्र लिहायचं असायचं. निळं एरोग्राम (परदेशी पाठवायचं घडीचं टपालपत्र) मिळायचं, घडीच्या रेषेपर्यंतच लिहायचं नाहीतर चिकटवताना अक्षरं जातात. काय लिहू म्हणून विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, देवाचं नको लिहूस, तुझ्या घरचं लिही. मी पावसाचं लिहिलं, आजीच्या रताळ्यांचं लिहिलं. उत्तर आलं. बाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या, पेन्शनमधून पाठवायच्या. मला वाटलं होतं कुणीतरी मोठी श्रीमंत असेल. त्यांनी विचारलं होतं, सलग चार महिने पाऊस पडतो तर तुम्ही कपडे कसे वाळवता?

आमच्या घरी विठ्ठलाचा फोटो. धर्म ना त्यांनी कधी विचारला, ना सिस्टरांनी. डिग्री होईपर्यंत माझं मेसबिल त्या पेन्शनीतून गेलं. अजून त्यांचं नाव लिहायला घेतलं की डोळे भरतात.

तुमच्यापैकी कुणाचं असं काही असेल तर लिहा. ख्रिस्ती संस्थेतलंच पाहिजे असं नाही.

तिसरं गेट

अक्का, छान लिहिलंय. चुलीवर कपडे वाळवायचे हे सांगितलं का त्यांना?

आम्ही टिळकवाडीवाले. जीएसएसला शिकलो. जीएसएस म्हणजे गोविंदराम सेकसरिया, मुंबईचे कापसाचे मोठे व्यापारी. कॉलेजात होतो तोवर हे नाव पूर्ण कुणी उच्चारलेलं ऐकलं नाही. आरपीडी क्रॉसवर चहा पिऊन वर्गात जायचं, एवढंच. नोकरी लागल्यावर कधीतरी वाचलं, की मुंबईत कापसावर मिळवलेला पैसा इथल्या पोरांच्या लॅबमध्ये आला. फिजिक्सच्या लॅबमधल्या पितळी उपकरणांवर आम्ही हात साफ केले ते त्यातूनच आले असतील.

घटप्रभेकाठचा

@तिसरं गेट, आमच्याकडे सगळी कॉलेजं अशीच आहेत बघा. सिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ साली वारले आणि आपली इस्टेट शिक्षणासाठी ठेवून गेले. केएलई संस्था सात शिक्षकांनी १९१६ साली काढली, आणि १९३३ सालच्या कॉलेजला नाव लिंगराजांचं. वंटमुरीच्या राजा लखमगौडांचं नाव तर सायन्स कॉलेजलाही आहे आणि लॉ कॉलेजलाही. मी मराठी शाळेतला, कन्नड जेमतेम, पण लिंगराजमध्ये शिकलो आणि आज हुबळीत कन्नडमध्ये दुकान चालवतो. सीमेचं राजकारण कितीही तापलं तरी या लोकांच्या पैशानं मराठी पोरंही शिकली, कन्नड पोरंही. हे मला मनापासून बोलायचं होतं.

वडगावची बासमती

वाचूलाय सगळं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

हिशेबाची खिडकी

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. एका ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात हिशेबाला होतो, आता रिटायर. देणग्यांच्या पावत्या माझ्याच हातच्या. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं देणगी आली की वाटून टाकतात. बहुतेक देणग्या कायम ठेवीत जातात. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. नव्वदच्या दशकात बँक ११-१२ टक्के द्यायची. कुणी आईच्या नावानं ५,००० ठेवले तर वर्षाला साडेपाचशे-सहाशे हातात यायचे, त्यात एका पोराची बरीचशी पुस्तकं व्हायची. आज तीच ठेव साडेतीनशेच्या आत देते. त्यात चांगल्या कंपनीचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर येत नाही. आणि देणगीपत्रात लिहिलेलं असतं, 'गणितात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस'. प्रथम येणाऱ्याला पैशाची गरज असतेच असं नाही. नापास होता होता वाचलेल्याचा बाप आजारी असतो. पण कागदात तसं लिहिलेलं नाही, म्हणून आमचे हात बांधलेले.

इमारतीला पैसे देणारे पुष्कळ. संगमरवरी पाटी लागते, नातवंडांना दाखवता येते. त्यात वाईट काही नाही, त्या इमारतीत पोरं बसतातच. पण पाण्याची मोटार जळली, मुलींच्या संडासाचं दार तुटलं, त्याला देणगीदार मिळायचा नाही. फादर स्वतः फोन फिरवत बसायचे.

दोन माणसं मी विसरणार नाही. एक टेंपोवाले. परीक्षेचे फॉर्म सुटले की यायचे, खिडकीवर पाकीट ठेवायचे, म्हणायचे, ज्यांचं शुल्क अडलंय त्यांचं भरा, पोराला माझं नाव सांगू नका. माझ्याकडे पेन्सिलीनं केलेली यादी तयार असायची. शुल्क भरलं नाही तर फॉर्म जात नाही, फॉर्म गेला नाही तर हॉल तिकीट नाही, आणि मग अख्खं वर्ष जातं. हजार-दीड हजारासाठी वर्ष जातं हो! त्यांचं पाकीट आलं की मी एकेक नाव खोडत जायचो.

दुसऱ्या एक विधवा बाई, शहापूरच्या. त्यांनी वाचनालयाच्या वॉचमनचा संध्याकाळचा पगार आणि लाइटबिल स्वतःकडे घेतलं. तेवढ्यानं वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं राहायला लागलं. एका खोलीत सहाजण राहणारी यल्लूर, बेळगुंदीची पोरं तिथं येऊन अभ्यास करायची. त्या टेबलांवरून बँकेत, पोलिसात, शाळांत किती गेली! माझ्या मते त्या कॉलेजला मिळालेली सगळ्यात मोठी देणगी ती. तिची पाटी कुठं नाही.

खानापूरची लेक

काका, वाचून गप्प बसले मी. खूप बरं वाटलं तुम्ही लिहिलंत.

@तिसरं गेट, होय, चुलीवर दोरी बांधून. तेही लिहिलं होतं. कपड्यांना धुराचा वास येतो हे मात्र लिहिलं नव्हतं.

चोर्ल्याची बस

कणकुंबीच्या अलीकडे म्हणजे कुठलं गाव अक्का? आमचं पण तिकडेच. अजून पावसात रस्ता तसाच आहे, गोव्याच्या गाड्यांनी पार चाळण झालीय. यंदा भात कसा?

आईची खोली

चिकोडीहून लिहितेय. थोरली मंगळुरात आहे, सेंट अलॉयशियसला. जेझुइट फादरांची संस्था, १८८० सालची, २०२४ पासून अभिमत विद्यापीठ. एवढ्या लांब पोरीला कसं पाठवायचं म्हणून सासूबाई नको म्हणत होत्या. आम्ही सोडायला गेलो तेव्हा टेकडीवरचं चॅपल बघितलं. भिंती, छत, सगळीकडे रंगवलेली चित्रं. मोस्केनी नावाच्या इटालियन ब्रदरनं ती काढली. सासूबाई मान वर करून किती वेळ उभ्या होत्या. तिथल्या एका काकांनी सांगितलं, ही टेकडीवरची जमीन लोबो प्रभू घराण्यातल्या माणसानं कॉलेजला दिलेली. सासूबाई लगेच म्हणाल्या, जमीन दान देणाऱ्याच्या गावात पोर उपाशी राहायची नाही, राहू दे तिला.

दुसऱ्या वर्षी यांचं ऑपरेशन झालं. आमची फीची तयारी मोडली. पोरगी सांगायलाही तयार नव्हती, मीच तिच्या मॅडमना फोन केला. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या निधीतून अर्धी फी भागली. त्याच्या बदल्यात काही करायला सांगितलं का म्हणून विचारलं तर म्हणे, धाकट्या पोरांना आठवड्यातून एकदा इंग्लिश शिकवते. ते पण तिनं स्वतःहून मागून घेतलं.

निपाणी नाका

चांगलं चाललंय, पण माझा अनुभव उलटा. माझ्या भावाच्या अ‍ॅडमिशनला 'देणगी' म्हणून वडिलांनी रस्त्याकडेची जमीन विकली. पावती अर्ध्याच रकमेची. प्रवेशासाठी असे जादा पैसे घ्यायला बंदी घालणारा कर्नाटकचा १९८४ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा तेव्हाही होता. कॉलेजचं नाव लिहीत नाही. भाऊ इंजिनिअर झाला, पण वडील त्या रस्त्यानं पुन्हा गेले नाहीत, लांबून वळसा घालून जायचे. म्हणून देणगी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. वरच्या काकांचं वाचून जरा निवळलं.

वडगावची बासमती

@निपाणी नाका दादा, वाईट वाटलं खरंच. ते घेणं होतं, देणं नव्हतं. वडिलांना नमस्कार सांगा.

जेवणं झाली आत्ता. माझं छोटंसं. नर्सिंगला मिरजेला होते. वॉनलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, आमच्या आजीची बाळंतपणं तिथंच झालेली. युनिफॉर्मच्या दोन जोड्या लागायच्या, माझ्याकडे एकच. रोज रात्री धुवायचा, पंख्याखाली टाकायचा. एका रविवारी चर्चमधल्या बायकांनी शिवलेल्या जोड्या आल्या. मापं आधीच घेऊन गेल्या होत्या, आम्हाला वाटलं संस्थेचा शिंपी असेल. बाहीला आतून बारीक तुरपाई होती, माझ्या आईसारखी. नोकरी लागेपर्यंत तोच घातला.

कॅम्पातला केक

हॉस्टेलवाल्यांनी सांगा, रविवारचं उप्पीट कुणाकुणाला आठवतं? आणि नाताळात मेसमध्ये केक यायचा तो कोण पाठवायचं? आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

चोर्ल्याची बस

उप्पीट नको काढू भावा, भूक लागते. आमच्याकडे नाताळला कुंदा आणायचे फादर. केकपेक्षा तोच आधी संपायचा.

सीमेवरचा

मी सध्या शिकतोय, कोल्हापूरला एमएस्सी. माझं खरं सांगतो. गाव बेळगाव जिल्ह्यात, रहिवासी दाखला कर्नाटकचा. महाराष्ट्रात सीमावादातल्या ८६५ गावांच्या पोरांना काही कोर्सेसना राखीव जागा आहेत, पण जागा मिळाली म्हणून खोलीचं भाडं सुटत नाही. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर आधी विचारतात, डोमिसाईल कुठलं? कर्नाटकच्या एसएसपी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज केला, तर पैसे यायला वेळ लागतो आणि कॉलेज फी आधी मागतं. मी मधल्यामध्ये लटकलो होतो. डिग्रीच्या कॉलेजच्या फादरांना भेटायला गेलो, मदत मागायला नाही, सहज. त्यांनी माजी विद्यार्थ्यांच्या गटाला विचारलं. आठवड्यात पहिल्या हप्त्याची सोय झाली. एकानेही डोमिसाईल विचारलं नाही. शिष्यवृत्ती जमा झाली की तेवढे पैसे परत देऊन ते पुढच्या पोराला वापरायचे, असं ठरलंय. व्याज नाही, कागद नाही.

तिसरं गेट

पोरा, हे झकास काम आहे. फिरता निधी म्हणतात तो हाच. मेसचं कसं चाललंय? काही लागलं तर मेसेज कर.

पुण्यातली बॅच

@हिशेबाची खिडकी काका, आमच्या कॉलेजच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. स्नेहसंमेलनाला हॉल आणि जेवणावरच सगळे पैसे जातात याची खंत होती. तुमचं वाचनालयाचं वाचलं आणि ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत चौघे तयार. आम्हाला वॉचमनचा पगार आणि लाइटबिल असंच काहीतरी घ्यायचंय, पाटी नको. पैसे ठेवीत ठेवायचे की दरवर्षी द्यायचे? आणि ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं, काय?

हिशेबाची खिडकी

दरवर्षी द्या. व्याजदर खाली आला तरी पोरांचं अडत नाही, आणि तुमचंही कॉलेजकडे येणं-जाणं राहतं. 'विशिष्ट कारणासाठी' असं लिहाल तर पुढं 'किंवा प्राचार्यांना योग्य वाटेल त्या विद्यार्थी-गरजेसाठी' एवढं जोडा, म्हणजे माझ्यासारख्या कारकुनाची अडचण होणार नाही.

८०जीचं: संस्थेला नोंदणी आहे का ते आधी विचारा. रोख २,००० च्या वर दिलं तर सूट नाही, बँकेतूनच पाठवा. ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना ८०जी लागू नाही, हे ग्रुपवर आधीच सांगा, नंतर रुसवेफुगवे नकोत. वर्ष संपल्यावर संस्थेकडून १०बीई नावाचं प्रमाणपत्र मागून घ्या.

पुण्यातली बॅच

खूप आभार काका. पुढच्या आठवड्यात दोघंजण बेळगावला येतोय. तुम्ही बरोबर याल का ऑफिसात? तिथं आता ओळखीचं कुणी नाही.

हिशेबाची खिडकी

येतो की. सोमवारी अकरानंतर या, त्याआधी चलनांची गर्दी असते. देणाऱ्या प्रत्येकाच्या पॅन कार्डाची झेरॉक्स आणा.