मदत हवी आहे: गॅलापागोसच्या रानटी टोमॅटोचं बी रुजत नाही

सोलॅनम गॅलापागेन्स, अ‍ॅक्सेशन (संग्रहातला नमुना क्रमांक) एलए१४०१. बी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या सी. एम. रिक टोमॅटो जनुक संग्रहातलं आहे. आयात परवाना, क्वारंटाईन वगैरे एनबीपीजीआरमार्फत (राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरो) रीतसर झालंय, तो प्रश्न नाही. पांढऱ्या माशीला दाद न देणाऱ्या केसाळ पानांसाठी ही जात हवी आहे.

संग्रहाच्या सूचनेनुसार टरफल नरम पडावं म्हणून घरगुती ब्लीच निम्मं पाणी घालून वापरलं (म्हणजे साधारण २.७ टक्के सोडियम हायपोक्लोराइट), बी ३० मिनिटं बुडवलं, वाहत्या पाण्यात भरपूर धुतलं, ओल्या ब्लॉटरवर (शोषक कागदावर) २५ अंशांना ठेवलं. सोलॅनम पेनेली (दुसरा एक रानटी टोमॅटो) आणि आपला नेहमीचा टोमॅटो याच पद्धतीने छान रुजले. गॅलापागोसचं बी मात्र ढिम्म. कुजलेलं नाही, दाबलं तर टणक लागतं, म्हणजे जिवंत असावं आणि टरफलच आडवं येतंय असा माझा अंदाज. (ज्यांच्या नावाने हा संग्रह आहे त्या चार्ल्स रिक यांनी हेच बी महाकाय कासवांना खाऊ घालून रुजवलं होतं, १९६१चा शोधनिबंध आहे. आमच्याकडे कासव नाही!)

अडचण अशी की मोजकंच बी शिल्लक आहे, त्यामुळे प्रयोग करत बसता येणार नाही. जिबरेलिक आम्ल (बी रुजायला चालना देणारं संप्रेरक) आणि बारीक ब्लेड प्रयोगशाळेत आहे.

ज्यांनी गॅलापागेन्स किंवा चीसमनी (गॅलापागोसचाच दुसरा रानटी टोमॅटो) प्रत्यक्ष रुजवलंय त्यांनी सांगावं: याच तीव्रतेच्या ब्लीचमध्ये बी किती वेळ ठेवलंत? की सरळ टरफलाला चीर द्यावी, आणि दिली तर बीजांकुराला धक्का लागू नये म्हणून नेमकी कुठल्या बाजूला?