ब्लॉक आधी की फॉर्म्युले आधी? बेळगावच्या क्यूबवाल्यांनी बोलावं

हिंदवाडीकर

माझा भाचा सातवीत आहे. जूनपासून गावातल्या एका क्लासला रुबिक क्यूब शिकायला जातो. क्लासचं नाव घेत नाही, भांडण त्यांच्याशी नाही, पद्धतीशी आहे. वहीत ५७ ओएलएल (वरचं तोंड एका रंगाचं करायचे), २१ पीएलएल (मग त्या थराचे तुकडे जागेवर न्यायचे), म्हणजे वरच्या थराचेच ७८ फॉर्म्युले, ठराविक चालींचे. त्यातले पन्नासेक पोरानं पाठ केलेत, आरती म्हणावी तसे घडाघडा म्हणतो. वेळ मात्र दिवाळीपासून ३२ सेकंदांवर अडकलाय.

परवा सहज म्हणालो, तो पांढरा-निळा-लाल कोपरा आणि निळा-लाल कड, या दोघांना एकमेकांशेजारी आणून दाखव, बाकी क्यूबचं काहीही होऊ दे. त्यानं क्यूब खाली ठेवला आणि म्हणाला, "मामा, त्याचा फॉर्म्युला दिला नाही अजून."

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. कोपरा आणि कड जुळवणं ही क्यूबमधली बाराखडी, आणि आपण पोरांना थेट श्लोक पाठ करायला लावतोय. माझं मत असं की आधी ब्लॉक बांधायला शिकवावं. दोन तुकड्यांची जोडी, मग दोन-दोन-दोनचा, म्हणजे दोन तुकडे लांब, दोन रुंद, दोन उंच असा ठोकळा, मग तो वाढवत नेणं. वरच्या थराचे फॉर्म्युले सगळ्यात शेवटी. बोला.

शहापूर_११सेकंद

काका, राग मानू नका, पण गाडी अडकली म्हणून रस्ता चुकला असं होत नाही. ७८ फॉर्म्युले पहिल्याच वर्षी कुणी सांगितले? दोन टप्प्यांत केलं तर ओएलएलचे १० आणि पीएलएलचे ६, झाले १६. एवढ्यावर वीस सेकंदांच्या आत येता येतं, मी आलोय.

आणि निकाल बघा की. अमेरिकेच्या मॅक्स पार्कनं २०२३ मध्ये ३.१३ सेकंदांत सोडवला तो सीएफओपीनंच. म्हणजे आधी खाली चार कडांचा क्रॉस, मग कोपरा-कडेच्या चार जोड्या, मग वरचा थर. ब्लॉकवाले हुशार असतील, पण व्यासपीठावर किती दिसतात?

तुमच्या भाच्याला ब्लॉक येत नाहीत हा त्याचा आजार नव्हे. एक जोडी बसवताना पुढची जोडी शोधायची सवय नाही, हा आजार आहे. त्याला म्हणावं, निम्म्या वेगानं फिरव, पण थांबू नको. महिनाभरात फरक पडतो.

अनगोळची अक्का

व्यासपीठावर दिसत नाहीत कारण शिकवतंच कोण नाही! शंभर पोरं सीएफओपी शिकली आणि चार पोरं रू पद्धत शिकली, तर जिंकणारी कुठली असणार, गणित सोपं आहे.

मी रू करते, सरासरी १४ सेकंद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गिल रू हा फ्रेंच, त्याची ही पद्धत २००३ सालची. डावीकडं एक-दोन-तीनचा ब्लॉक, उजवीकडं तसाच दुसरा, मग वरचे चार कोपरे एका फॉर्म्युल्यात, त्याच्या ४२ केसेस, म्हणजे कोपरे पडायच्या ४२ तऱ्हा. उरल्या सहा कडा, त्या फक्त मधला पट्टा आणि वरचा थर फिरवून. सगळ्या मिळून ४५ ते ५० चाली. सीएफओपीत ५५ ते ६० सहज होतात.

पहिला ब्लॉक कसा बसतो तेवढं सांगते, कारण लोकांना ती जादू वाटते. निळं डावीकडं, पांढरं खाली. आधी पांढरी-निळी कड निळ्या सेंटरच्या खाली बसव. आता निळी-लाल कड आणि पांढरा-निळा-लाल कोपरा शोध. दोघं बाहेरच, वरच्या बाजूला कुठंतरी जुळव. निळ्याला निळं आणि लालला लाल लागलं की ती जोडी झाली, नुसती शेजारी असून भागत नाही. माझी बहीण इथंच फसायची, तुकडे शेजारी दिसले की "झालं अक्का" म्हणायची आणि रंग उलटे असायचे. मग जोडी अख्खी आत. नारिंगीकडंही तसंच. पाच तुकडे, झाला ब्लॉक.

यानंतरची मजा बघ. डावा ब्लॉक झाला की उजवी बाजू, मधला पट्टा आणि वरचा थर कितीही फिरवा, डावीकडचं काही मोडत नाही. क्यूब हातात उलटासुलटा करावा लागत नाही. क्रॉसवाल्यांची मागची जोडी शोधताना अख्ख्या क्यूबची जी गिरकी होते, ती माझ्याकडं नाहीच.

शहापूर_११सेकंद

४५ चाली पण १४ सेकंद. माझ्या ५८ चाली आणि ११ सेकंद. मग चाली मोजून काय करायचं अक्का?

अनगोळची अक्का

तू सहा वर्षं करूलायस, मी दीड.

खानापूरचा मास्तर

मी शाळेत शनिवारी क्यूब शिकवतो. फी नाही, क्यूब मुलांचेच. ब्लॉकवाल्यांना एकच विनंती: चाळीस पोरं समोर बसवा आणि ब्लॉक शिकवून दाखवा.

एकाच्या क्यूबवर तो कोपरा वर असतो, दुसऱ्याच्या खाली, तिसऱ्याच्या तुकड्यांची जोडी आपोआप झालेली असते आणि ती त्यानंच मोडलेली असते. प्रत्येकाजवळ जाऊन बसावं लागतं. फॉर्म्युला फळ्यावर लिहिता येतो. आमच्या वर्गात निम्म्या पोरांची घरची भाषा कन्नड, त्यामुळं आम्ही चालींची इंग्रजी अक्षरंही सोडून दिली. मी "बलक्क, म्याले, एडक्क" म्हणतो, मराठी पोरं "उजवं, वर, डावं" म्हणतात, आणि चाळीस क्यूब एकदम फिरतात. तो आवाज ऐकायला या एकदा.

दुसरं असं की पोरानं पहिल्या महिन्यात पूर्ण सुटलेला क्यूब घरी न्यायला पाहिजे. आजीला दाखवायला पाहिजे. अर्धा ब्लॉक आजीला दाखवून ती काय म्हणणार? "अरे, अजून बिघडलाय की रे."

हिंदवाडीकर

मास्तर, हे पटलं. माझा भाचा एकटाच माझ्यासमोर बसतो, चाळिसांचा विचार मी केलाच नव्हता. पण मग असं म्हणूया का, पहिला क्यूब सोडवेपर्यंत तुमची रीत, आणि वेग वाढवायचा म्हटलं की लगेच ७८ची वही नको, आधी ब्लॉक?

उद्यमबाग मामा

मी क्यूबवाला नव्हे, फाउंड्रीवाला. पण ८२ साली कॉलेजात असताना हा खुळा खेळ हातात आला होता, म्हणून दोन शब्द.

त्याच वर्षी बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली. आता ज्यांच्या नावानं तुम्ही भांडूलाय ते त्या हॉलमध्ये होतेच. सीएफओपी जिच्या नावानं चालते ती चेकोस्लोव्हाकियाची फ्रिड्रिख, आणि दोन-दोन-दोनचा ठोकळा आधी करणारा स्वीडनचा लार्स पेट्रस. जिंकला मिन्ह थाई, २२.९५ सेकंद, आणि तो आधी कोपरे लावायचा! तेव्हा कुठली पद्धत श्रेष्ठ हे भांडण ४० वर्षांपेक्षा जुनं आहे, तुमच्या धाग्यावर मिटायचं नाही.

आता माझं मत. गिअरबॉक्स जुळवताना आम्ही हाऊसिंगमध्ये एकेक नट-बोल्ट टाकत बसत नाही. शाफ्टवर बेअरिंग, गिअर, सर्कलिप बाहेर टेबलावर बसवतो आणि तो अख्खा संच आत सोडतो. बाहेर जागा असते, हात फिरतो, चूक दिसते. पेट्रसचं तेच आहे. दोन-दोन-दोन झाला की तीन बाजू फिरवायला मोकळ्या राहतात. दोन-दोन-तीन केला की दोन बाजू मोकळ्या. जागा हळूहळू कमी होते, पण जे झालं ते उसवावं लागत नाही. क्रॉसवाल्यांचं काय होतं, चार कडा आधी खाली ठोकून बसवतात आणि मग प्रत्येक जोडीला दार उघडायला क्रॉस मोडतात, परत लावतात. आमच्याकडं असं जुळवलं तर सुपरवायझर शिव्या घालतो.

आणखी एक. दोन-दोन-तीन झाल्यावर उरलेल्या सात कडांपैकी उलट्या पडलेल्या कडा सरळ करून घ्यायच्या. त्या नेहमी जोडीनंच असतात, दोन, चार किंवा सहा. एकदा त्या सरळ झाल्या आणि पुढं त्या मोकळ्या दोनच बाजू फिरवल्या की वर पिवळा क्रॉस आपोआप येतो. मग वरचं तोंड पिवळं करायच्या केसेस ५७ नाहीत, ७ उरतात. भाच्याच्या वहीतली पानं किती कमी होतील बघा.

निपाणी_एकहाती

मामा भारी! मी कॉलेजला निपाणीहून बसनं येतो, एका हातात वरचा दांडा आणि दुसऱ्यात क्यूब. एका हाताला जेवढ्या चाली कमी तेवढं बरं, म्हणून मी ब्लॉककडं वळलो. संकेश्वर येईपर्यंत वीस-पंचवीस सॉल्व होतात, हत्तरगीनंतर झोप.

पण शहापूरवाल्याची बाजू पण घेतो. मी मोबाईलवर शूटिंग काढून, स्लो करून मोजलंय, दोन्ही हातांनी सोडवताना. सीएफओपी: ५८ चाली, १९ सेकंद. त्यात हात फिरत होते ११ सेकंद, बाकी ८ नुसतं शोधणं. रू: ४७ चाली, २१ सेकंद. हात ९ सेकंद, शोधणं १२. चाली ११ वाचल्या, पण डोळ्यांनी त्याच्यापेक्षा जास्त खाल्लं. दुसऱ्या ब्लॉकमध्ये मी भुतासारखा उभा असतो. ही नवशिक्याची अडचण आहे हे कबूल, पण भाचा पण नवशिकाच आहे की.

शहापूर_११सेकंद

हेच मी म्हणूलोय! ब्लॉकला ठरलेली वाट नसते, दर वेळी नवा विचार. ज्याला कमीत कमी चालींच्या प्रकारात उतरायचंय त्यानं खुशाल करावं. तिथं तासभर कागद-पेन घेऊन बसायला मिळतं. २०१९ मध्ये इटलीच्या सेबास्तियानो ट्रोंटोनं १६ चालींत उत्तर काढलं, त्याला माझा नमस्कार. पण घड्याळ लावल्यावर विचार करायला वेळ कुठंय? सुरू करण्याआधी नुसतं पाहायला १५ सेकंद मिळतात, त्यात काय ते ठरवायचं.

अनगोळची अक्का

बरं, त्या १५ सेकंदांत तू काय ठरवतोस?

शहापूर_११सेकंद

क्रॉस. आणि जमलं तर पहिली जोडी.

अनगोळची अक्का

म्हणजे एक्स-क्रॉस. कसा करतोस?

शहापूर_११सेकंद

कोपरा आणि कड आधी जवळ येताहेत काय बघतो, मग क्रॉसच्या कडा त्याच्याभोवती बसवतो.

अनगोळची अक्का

एक कोपरा, त्याच्या तीन कडा. ह्याला आमच्यात दोन-दोन-दोन म्हणतात राजा. वर दोन कडा जादा लावल्यास एवढंच.

शहापूर_११सेकंद

...

तसं बघितलं तर आहे. पण मी ते चौथ्या वर्षी शिकलो, क्रॉस अंगात मुरल्यावर. नुसता क्रॉस कुठलाही असो, जास्तीत जास्त ८ चालींत बसतो, त्यामुळं नवख्याला हातात काहीतरी पक्कं असतं. आधी एक्स-क्रॉस शिकवला असता तर मी क्यूब कपाटात टाकला असता. त्यामुळं माझं मत बदललेलं नाही.

वडगावची आई

मध्येच बोलते. आमच्या घरात माग चालतो, त्यातच मुलीचा क्यूब कडकड चालू असतो. तिला गणपत गल्लीतून दीडशे रुपयांचा आणून दिलाय. ती म्हणते, अक्कासारखं मधला पट्टा फिरवायला गेलं की अडकतो आणि एकदा तर कोपरा उडून मागात पडला. आता ब्लॉक शिकायला महागाचा क्यूब घ्यावा लागणार काय? फीचे पैसे आधीच गेलेत.

अनगोळची अक्का

ताई, लगेच नवा घेऊ नका. मधल्या टोप्या नखानं निघतात, आत स्क्रू असतो. सहाही स्क्रू सारखे पाव-पाव फेरा सैल करा आणि सिलिकॉन तेलाचा एक थेंब टाका, घरातलं खोबरेल नको, चिकटतं. कोपरा उडाला म्हणजे एखादा स्क्रू बाकीच्यांपेक्षा जास्त सैल आहे, तो बघा. तरी अडकला तर तिला आधी पेट्रस करू दे, त्यात मधला पट्टा लागत नाही.

हिंदवाडीकर

आठ दिवसांनी लिहितोय. भाच्याला दोन-दोन-दोन शिकवला. वेळ ३२ वरून ४१ वर गेला. बहीण माझ्याशी नीट बोलत नाही, येत्या महिन्यात त्याच्या शाळेत स्पर्धा आहे.

शहापूर_११सेकंद

काका, मी काही बोललो का?

हिंदवाडीकर

बोल की, ऐकूनच घ्यायचंय. पण काल रात्री लाईट गेली होती. टॉर्चच्या उजेडात त्यानं क्यूब नीट पाहून घेतला, टॉर्च बंद केला आणि अंधारात ठोकळा बांधला. परत लावून बघतो तर चारही तुकडे जागेवर. वहीतला एकही फॉर्म्युला नाही त्यात. तो स्वतःच दचकला.

खानापूरचा मास्तर

स्पर्धेत जुन्याच पद्धतीनं उतरवा त्याला. ठोकळा घरी चालू ठेवा. आणि तो अंधाराचा प्रयोग मी शनिवारी चोरणार आहे, खिडक्या लावून घेऊन. एका दोघांवरच, चाळिसांवर नाही.

अनगोळची अक्का

शहापूर, रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर येतोस? १५ सेकंद बघायचं, डोळे मिटायचे, मी पहिला ब्लॉक करते.

शहापूर_११सेकंद

येतो. मी क्रॉस केला तर चालेल काय?

अनगोळची अक्का

एक्स-क्रॉस केलास तर चालेल.

निपाणी_एकहाती

सातची बस पकडतो. कुंदा कोण आणणार ते आधी ठरवा.