तुमच्या पोरांच्या सुपरहिरो टोळीसमोर कोणता राक्षस होता?

सुट्टी लागली की सोसायटीच्या आवारात टोळी जमते. एकाला उडता येतं, एकीला अदृश्य होता येतं, शेंडेफळाला ‘स्टॅच्यू’ म्हणून सगळ्यांना थांबवायची शक्ती. समोर एक भयंकर प्राणी. मला हा खेळ फार मोलाचा वाटतो. कोणाला कुठली शक्ती द्यायची, त्या प्राण्याचं शेवटी काय करायचं, हे पोरं आपसात भांडून ठरवतात. तुमच्या घरचे, तुमच्या लहानपणचे अनुभव लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही कोथरूडचे. ९ डिसेंबर २०२० ला आमच्या भागात गवा शिरला होता. बघ्यांची गर्दी, आरडाओरडा. तो जीव धावून धावून दमला, पकडल्यावर काही वेळात गेलाच. शाळा ऑनलाइन, त्यामुळे पोरांनी सगळं टीव्हीवर पाहिलं. तोवर त्यांच्या खेळात राक्षसाला मारायचं असायचं. नंतर लेकीने नियमच बदलला: गव्याला टेकडीपर्यंत पोचवायचं, आणि जो ओरडेल तो बाद! करोनाचे मास्क हेच मुखवटे. चॉकलेटी सोलापुरी चादर पांघरलेल्या ‘गव्या’ला ही टोळी चिडीचूप, नुसत्या हातवाऱ्यांनी, पार्किंगमधून मागच्या फाटकापर्यंत न्यायची. पंधरवड्यात बावधनजवळ खरंच दुसरा गवा दिसला आणि तो सुखरूप जंगलात परतला. ते आपल्यामुळेच, अशी पोरांची खात्री होती. मी ती मोडली नाही.

सदाशिव पेठ (आता वारजे):
आमच्या वेळी सुपरहिरो हा शब्द नव्हता, पण टोळी होती. वाड्यात हौद होता. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ बांधून पेठांत पाणी आणलं, हे आजोबांनी सांगितलेलं. त्यावरून आम्ही ठरवलं की त्याच नळातून हौदात मगर येते. संध्याकाळी बंबाचं झाकण ही ढाल आणि धुणं वाळत घालायची काठी हा भाला. टोळीतला एक जण बोलताना अडखळायचा, शाळेत त्याला चिडवायचे. त्याची हाक मात्र खणखणीत निघे. म्हणून मगरीला पळवणारी ‘गर्जना’ त्याच्याकडे. ती निघाल्याशिवाय हौदाजवळ जायची कोणाची छाती नसे. वाड्यात त्याला कोणी कधी चिडवलं नाही.

सिंहगड रोड:
आमच्याकडे राक्षस खराच आला. पाठीला टॉवेल बांधून पोरं खेळत होती, तेवढ्यात कुंडीमागून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. घोणस. कात्रजच्या सर्पोद्यानात पाहिल्यामुळे पाठीवरची साखळी एकीने ओळखली. ती लांब उभी राहून नजर ठेवून राहिली, दुसरा वॉचमनकाकांना बोलवायला पळाला, तिसऱ्याने धाकट्यांना जिन्यावर चढवलं. कोणी दगड उचलला नाही. सर्पमित्र येईपर्यंत कोणी जागचं हललं नाही. मी गच्चीतून खाली येईतो सगळं झालेलं.

पिंपरी:
माझ्या वर्गाने नाटुकलं केलं होतं, राक्षस नदीतल्या प्लास्टिकचा. पिशव्या शिवून केलेला त्याचा झगा अजून जपून ठेवलाय.

हडपसर, मूळ जुन्नर तालुका:
आमच्या गावाकडे हा खेळ नव्हे. उसात बिबट्या असतो, आणि माणसं दगावली आहेत. माझे भाचे शाळेला घोळक्यानेच जातात: मोठे पुढे-मागे, बारकी मधे, मोठमोठ्याने बोलत. वाटेत कोणी वाकून बसायचं नाही, कारण बसलेलं पोर बिबट्याला शिकारीसारखं दिसतं. अंधार पडायच्या आत घरी. दिसलाच तर पळायचं नाही, एकत्र उभं राहून आवाज करायचा आणि मोठ्यांना सांगून वनखात्याच्या १९२६ वर फोन. कोथरूडच्या ताई, तुमच्या पोरांचा गप्प राहायचा नियम गव्यासाठी बरोबर, पण बिबट्याच्या वाटेवर तो उलटा करा, एवढं त्यांना आवर्जून सांगा.

कोथरूड:
सांगितलं. दोन गट पडलेत, आज बिबट्याचा खेळ आहे आणि सगळी इमारत दणाणतेय.