१४२८५७ गोल गोल का फिरतो?

प्रश्न (अंकवेडी):
मुलगी सातवीत आहे, काल रात्री १ भागिले ७ करत बसली आणि वहीचं पान भरत आलं तरी संपेना, ०.१४२८५७१४२८५७ असंच चाललेलं. मग तिनेच त्या १४२८५७ ला २ ने गुणलं तर २८५७१४, ३ ने ४२८५७१, ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५ आणि ६ ने ८५७१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळीकडून! आणि ७ ने गुणलं की एकदम ९९९९९९. "आई, असं का होतं?" म्हणून मागे लागलीये. नुसती गंमत म्हणून सोडून द्यायचं नाहीये मला, खरं कारण सांगा ना कोणीतरी.

बाकीशून्य:
ताई, वरचा भागाकार बघू नका, खाली उरणाऱ्या बाक्या बघा. १० ला ७ ने भाग, भाग लागला १, बाकी ३. शून्य उतरवलं, ३० झाले, भाग ४, बाकी २. मग २० चे २ बाकी ६, ६० चे ८ बाकी ४, ४० चे ५ बाकी ५, ५० चे ७ आणि बाकी परत १, म्हणजे आलो जिथून निघालो तिथे. १ ते ६ सगळ्या बाक्या एकेकदा येऊन गेल्या. आता ३ × १४२८५७ म्हणजे ३/७ चेच अंक, आणि ३/७ करताना तुम्ही याच चक्रात बाकी ३ पासून शिरता, म्हणून ४ पासून सुरू. तिला बाक्या गोलात लिहायला सांगा, पटकन कळेल.

रिकामी_पाटी:
सगळ्या मूळ संख्यांना नाही हं चालत हे. १/१३ चे अंक ०७६९२३, दुप्पट केली तर १५३८४६, अंकच वेगळे. तिथे बाराच्या बारा बाक्या एका गोलात येत नाहीत, सहा-सहाचे दोन गोल पडतात. १७ ला मात्र जमतं, ०५८८२३५२९४११७६४७, सोळा अंक, पुढचं शून्य धरून.

नाशिककर:
आमच्या देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचं नाव इथे यायलाच हवं. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक तोडा, २०४०८ + १२२४४९ = परत १४२८५७! अशा संख्यांना कापरेकर संख्याच म्हणतात, लहानातली ४५ बघा, वर्ग २०२५, २० + २५ = ४५. शिवाय अंकांची बेरीज २७ आणि १४२८५७ ला २७ ने पूर्ण भाग जातो, ५२९१. अशा संख्यांना त्यांनी हर्षद नाव दिलं, हर्ष देणाऱ्या म्हणून. किती गोड नाव आहे!

अंकवेडी:
खूप आभार सगळ्यांचे. घड्याळासारखा गोल काढून बाक्या लिहिल्या, ३ वर बोट ठेवलं आणि "अगं आई, इथून सुरू!" म्हणून ओरडलीच. आता १९ घेऊन बसलीये, दहा बाक्या झाल्यात, अजून एकही परत आलेली नाही.