तुम्हाला घडवणारी बाई कोण?

माझी आज्जी सोलापुरात विड्या वळायची. मांडीवर सूप, पत्र्याच्या मापावर कापलेलं तेंदूपान, चिमूटभर तंबाखू, वर दोरा. दिवसाला १,००० विड्या. कारखान्यात तपासणारा त्यातल्या मूठभर ‘खराब’ म्हणून काढायचा, त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. मी चौथीत असताना तिनं हिशेबाचं कार्ड माझ्यापुढं धरलं, “वाच गं, किती कापले?” पाच विड्यांचा फरक सापडला तेव्हा तिनं माझं तोंड कुरवाळलं, हाताला तंबाखूचा वास. आज मी अकाउंट्सच बघते. तुमच्याकडं अशी कोण?

उत्तर १: माझी आई, तीही विडी कामगार. सोलापूरजवळ कुंभारीत घर मिळालं, २००६ साली. तिथं अशी १०,००० घरं आहेत ताई, वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव. वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध लढलेल्या त्या! आईला वाचता येत नव्हतं, पण गोदूताई कोण हे तिनंच मला सांगितलं. घराच्या कागदावर तिचा अंगठा आहे.

उत्तर २: मावशी. नवरा गेल्यावर कडक भाकऱ्या विकून तिनं मला नर्सिंगला घातलं. पहिल्या पगाराची साडी अजून नेसली नाही, जपून ठेवलीय.

प्रश्नकर्ती: नेसायला लावा हो त्यांना. आज्जीची मी आणलेली साडी घडीचीच राहिली.