साताऱ्यात भाड्याने घर: मंगळवार पेठ, शाहूनगर, सदरबझार की शाहूपुरी?

नवीन_भाडेकरू

जूनपासून साताऱ्याला बदली आहे. ऑफिस जिल्हा परिषदेच्या बाजूला. घरात आई-वडील सत्तरीच्या पुढचे, वडिलांचा गुडघा दुखरा, मुलगी सातवीत. एक चारचाकी, एक बिनगिअरची स्कूटर. एजंटने मंगळवार पेठ, शाहूनगर, शाहूपुरी आणि सदरबझार इथली घरं दाखवायची तयारी ठेवली आहे. भाडं किती ते तो सांगेलच. चढ, पाणी, पावसाळ्यातली ओल हे मात्र एजंट सांगत नाहीत. जाणकारांनी भागवार सांगावं.

वरचा_रस्ता

आधी नकाशा डोक्यात नीट बसवून घ्या. अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला आहे, शहरापेक्षा साधारण ३०० मीटर उंच, आणि जुनं गाव त्याच्या उत्तर उतारावर वसलंय. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते उताराला आडवे पडतात आणि चालायला सोपे जातात. किल्ल्याकडे तोंड करून जाणारा प्रत्येक बोळ मात्र चढाचा. राजपथ म्हणजे वरचा रस्ता, कर्मवीर पथ म्हणजे खालचा, आणि त्याच्याही खाली राधिका रोड. म्हणून पत्ता विचारताना पेठेच्या नावावर थांबू नका, 'वरच्या रस्त्याच्या वर का खाली' हे विचारा. एकाच पेठेतली दोन घरं गुडघ्याच्या हिशेबाने दोन वेगळ्या गावांतली असू शकतात.

राजपथ स्वतः पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत सावकाश चढत जातो. मोती चौक, गोल बाग, मंडई, कंदी पेढ्यांची दुकानं, औषधं, शिंपी, भांडी, सगळं या पट्ट्यात हाताशी. वयस्कर माणसांना रोज पायी बाहेर पडायची सवय असेल तर राजपथाला लागून, रस्त्याच्या पातळीवरचं घर हे साताऱ्यातलं उत्तम घर. चारचाकीचे मात्र हाल. जुन्या वाड्यांच्या जागी झालेल्या इमारतींत पार्किंग अपुरं असतं, आणि बोळात गाडी शिरली तरी वळत नाही, उलटी काढावी लागते.

राजवाड्याच्या पुढे समर्थ मंदिराकडे चढ वाढतो. मंगळवार पेठ, चिमणपुरा, व्यंकटपुरा हा भाग शांत आणि माणुसकीचा, अजूनही शेजारी आहेत की नाहीत हे कळतं. पण पश्चिमेचा डोंगर जवळ असल्याने पाऊस आणि धुकं इथे आधी येतं आणि उशिरा जातं. शहरात वर्षाला साधारण १,००० मिमी पाऊस, कासच्या पठारावर त्याच्या दुपटीहून जास्त. हा फरक एकदम यवतेश्वराच्या माथ्यावर सुरू होत नाही, गावातच जाणवायला लागतो. पश्चिमेच्या बोगद्याकडच्या बाजूला कपडे वाळत नाहीत त्या दिवशी पूर्वेच्या विसावा नाक्याला ऊन असू शकतं. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरात, कासच्या फुलांच्या दिवसांत, शनिवार-रविवारी समर्थ मंदिर चौकात गाड्यांची रांग लागते. त्या भागात राहायचं तर त्या दिवसांतली बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत उरकावीत.

माची पेठ आणि किल्ल्याच्या पायथ्याची घरं तुम्ही विचारात घेऊ नका. पायऱ्या आहेत, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने किल्ल्याची सावली सकाळी लवकर उठत नाही. सांधेदुखीच्या माणसाला डिसेंबरात ते कोवळं ऊन हवंच असतं.

सदरबझारवाली

वरचं सगळं मान्य, पण जिल्हा परिषदेत नोकरी आणि घरात दुखरा गुडघा असताना सदरबझार सोडून दुसरीकडे का बघायचं? सदरबझार म्हणजे कॅम्पचा भाग, सपाट, प्लॉट मोठे, झाडं भरपूर. सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट, कलेक्टर कचेरी जवळ, आणि एसटी स्टँडला रिक्षाने पाच-सात मिनिटं. बाजार मात्र राजवाड्याइतका जवळ नाही. दोन सावध गोष्टी. जुन्या बंगल्याचा मागचा भाग भाड्याने देतात, तिथे झाडांखालची कौलं आणि पन्हळी पाल्याने तुंबतात, मेअखेर साफ करून मिळणार का ते आधी ठरवा. आणि हमरस्त्याला लागून घर घेतलंत तर रात्री जड गाड्यांचा आवाज असतो.

शाहूपुरीही सपाटच, वायव्येला, मेढा रस्त्याच्या बाजूने वाढलेली. २०२० च्या हद्दवाढीपर्यंत तिथे ग्रामपंचायत होती, त्यामुळे कॉलन्या जशा जमिनी विकल्या गेल्या तशा झाल्या. एक गल्ली रुंद, पुढची अचानक बंद. घर बघताना ओढा कुठून जातो ते विचारा. डोंगरावर पडलेलं पाणी शेवटी सपाटीवरच्या ओढ्यांतून वेण्णेकडे जातं, आणि ओढ्याला कडेकडेने भराव घातलेला असेल तर मोठ्या सरीत ते गल्लीत पसरतं. जवळच्या जुन्या कंपाउंडच्या भिंतीवर चिखलाची आडवी रेघ दिसते का बघा. जमिनीपासून फूटभरावर असेल तर पाणी तिथवर येऊन गेलंय.

नवीन_भाडेकरू

खूप उपयोगी. शाहूनगरचा एक फ्लॅट फोटोत फार आवडलाय, तळमजला, मागे थेट डोंगर. आणि मंगळवार पेठेतला एक रस्त्यावरून पहिला मजला म्हणतात, पण मागच्या खोल्यांना खिडकीच नाही. हे असं का?

जोतं_आणि_ओल

कारण मागची बाजू डोंगरात आहे. उतारावर घर बांधताना डोंगर कापून सपाटी काढतात. समोरून जो पहिला मजला दिसतो तो मागून जमिनीला टेकलेला असतो. ती मागची भिंत, म्हणजे आपल्याकडे बहुतेक दक्षिणेची, तिच्यावर सगळं गणित आहे.

अजिंक्यताऱ्याच्या उतारावर काळा दगड आणि मुरूम यांचे थर आहेत. पाऊस मुरमात मुरतो, खालच्या घट्ट दगडाला अडतो आणि जिथे डोंगर कापलाय तिथून बाहेर येतो. याला उपळ फुटणं म्हणतात. सलग झड लागली की फरशीच्या सांध्यातून स्वच्छ गार पाणी येतं, आणि पाऊस उघडल्यावरही काही दिवस येत राहतं. गच्चीची गळती आणि उपळ यांतला फरक सोपा आहे. गळती वरून खाली उतरते आणि पाऊस थांबला की सुकायला लागते. उपळीची ओल भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांतच असते आणि पाऊस उघडून ऊन पडलं तरी लगेच जात नाही. उन्हाळ्यात घर बघताय म्हणून ओल दिसणार नाही, खुणा दिसतील. मागच्या भिंतीला खालून पांढरी खार, फुगलेलं प्लास्टर टिचकी मारल्यावर पोकळ वाजणं, दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग काळा पडणं. नुसता खालचा पट्टाच नव्याने रंगवलेला असेल तर तेही एक उत्तर आहे.

आतून वॉटरप्रूफ रंग मारून हे थांबत नाही. पाण्याचा रेटा बाहेरून असतो, तो रंगाचा पापुद्रा ढकलून देतो. खरा उपाय बाहेर. भिंतीच्या मागे जोत्याच्या खालपर्यंत चर, त्यात तळाला भोकांचा पाइप, वर खडी, आणि पाइपाचं तोंड गटारात. मालकाला विचारा, 'मागे चर आहे का, आणि त्याचं पाणी कुठे काढलंय?' उत्तर लगेच आलं तर मालकाला घर माहीत आहे.

शाहूनगरच्या फ्लॅटबद्दल. मागे डोंगर आहे म्हणजे त्याला धरून ठेवणारी संरक्षक भिंतही असणार. ती जवळ जाऊन बघा. भिंतीला दर चार-पाच फुटांवर पाणी जायची भोकं हवीत, आणि ती मातीने बुजलेली नकोत. भोकं बुजली की मागे पाणी साठतं आणि भिंत पोटातून फुगते. ओळंबा नसला तर दोरीला किल्ली बांधून वरून सोडा, दोरी मध्येच भिंतीला टेकून खाली सुटली तर ते घर सोडून द्या. भिंतीच्या वरच्या उतारावर सुटे दगड दिसले तर तळमजल्याची मागची खोली मुलीला झोपायला देऊ नका. नजारा खरोखर सुंदर आहे, सकाळचं ऊन भरपूर येतं, पण तोच नजारा दुसऱ्या मजल्यावरून जास्त सुरक्षितपणे मिळतो. लिफ्ट चालू हवी, एवढंच.

पाणीवेळ

पाण्याचं कोणी लिहिलं नाही. पश्चिमेच्या पेठांना कासचं पाणी आहे, ते डोंगरावरून उताराने येतं. वाटेत घाटात गळती निघाली की त्या पेठांचा एखादा दिवस कोरडा जातो. सदरबझार, शाहूपुरी, शाहूनगर, गोडोलीकडे जीवन प्राधिकरणाचं, म्हणजे सरकारी पाणीयोजनेचं, नदीवरून पंपाने उचललेलं पाणी. तिथे वीज गेली की वेळ चुकते. दर दहा मीटर चढाला साधारण एक किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब कमी होतो, म्हणून एकाच लाइनवर खालच्या गल्लीत नळ जोरात आणि वर करंगळीएवढी धार, असं दिसतं. घर बघायला पाणी यायच्या वेळेलाच जा. नळाखाली दहा लिटरची बादली ठेवून घड्याळ लावा. दोन मिनिटांत भरली तर तासाला ३०० लिटर. पाच माणसांना दिवसाला ६००-७०० लागतात, आता किती वेळ पाणी येतं ते विचारा आणि हिशेब करा. जमिनीखालची टाकी नसलेलं चढावरचं घर घेऊ नका.

नवीन_भाडेकरू

आमच्यात चारच माणसं आहेत, तरी हिशेब तोच धरतो. स्कूटर पेठेत चालेल का?

वरचा_रस्ता

११० सीसीची दोघांना घेऊन बोळ चढते, अडचण उतरताना येते. बिनगिअरच्या गाडीला इंजिनाचा रोध कमी, सगळा भार ब्रेकवर. थ्रॉटल पूर्ण सोडून इंजिन मंदावलं की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावते. म्हणून उतरताना दोन्ही ब्रेक आधीपासून हलके धरा, आणि पावसाळ्याआधी ब्रेक शू बघून घ्या. जुन्या बोळांतल्या फरशीवर जुलैत शेवाळ धरतं, तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी आडवी. चारचाकी चढावर लावताना पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकं कडेच्या भिंतीकडे वळवा आणि एक दगड लावा.

पोवई नाक्याच्या भुयारी रस्त्यात शिरण्याआधी कुठल्या बाजूला निघायचं ते पक्कं करा, आत वळायला जागा नाही.

तुमच्यासाठी क्रम: सदरबझार, मग राजपथाला लागून लिफ्टची इमारत, मग शाहूपुरी ओढ्यापासून लांब. मंगळवार पेठेतलं ते बिनखिडकीचं घर सोडा. शाहूनगर बघायचंच असेल तर जूनचे पहिले दोन पाऊस झाल्यावर बघा, तोवर महिनाभर एखादी खोली घेऊन राहा.