मूत्रनलिका म्हणजे नेमकी कुठली नळी?

रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर तपासते आहे. एका ठिकाणी 'मूत्रनलिकेत खडा अडकतो', पुढे 'शस्त्रक्रियेनंतर मूत्रनलिका दोन दिवस ठेवतात' आणि शेवटी 'मूत्रनलिकेची जळजळ'. तिन्ही नळ्या वेगळ्या असाव्यात असा संशय आहे, पण मूळ इंग्रजी मजकूर हाताशी नाही. कुठे काय लिहू?

— संशय खरा आहे. पहिली युरेटर, दुसरी कॅथेटर, तिसरी युरेथ्रा. मूत्रपिंडांपासून मूत्राशयापर्यंत येणाऱ्या दोन, साधारण २५ ते ३० सेंमी लांबीच्या, त्या मूत्रवाहिन्या. मूत्राशयातून बाहेर नेणारा एकच, तो मूत्रमार्ग. लघवी काढायला बाहेरून घालतात ती नळी म्हणजे कॅथेटर, तिला कॅथेटरच म्हणा. पेशंट तर नुसतं 'नळी घातलीय' म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. 'मूत्रनलिका' सरळ उडवा.

'वाहिनी' शब्द मला चपखल वाटतो. ती काही पन्हळ नव्हे. तिच्या भिंतीतले स्नायू लाटेसारखे आकसत लघवी पुढे ढकलतात, म्हणून आडवं झोपलं तरी काम थांबत नाही. इंग्रजीतली युरेटर आणि युरेथ्रा ही दोन्ही नावं लघवीच्याच ग्रीक शब्दातून आलेली, त्यामुळे त्यांची अदलाबदल सर्रास होते. आपली वाहिनी-मार्ग ही जोडी बरी.

— जोडी बरी, पण मग 'मूत्रमार्गाचा संसर्ग' याचं काय करायचं? यूटीआयसाठी जिथेतिथे हेच छापतात, आणि तिथला मार्ग म्हणजे मूत्रपिंडापासून बाहेरपर्यंतचा अख्खा रस्ता. आईच्या कागदावर हेच शब्द होते. घरात सगळ्यांनी 'खालचंच काहीतरी आहे' असं धरलं आणि दोन दिवस घालवले. तिला हुडहुडी भरून ताप आला, कुशीत दुखायला लागलं, तेव्हा कळलं की संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलाय. मी तेव्हापासून 'मूत्रसंस्थेचा संसर्ग' लिहितो. नुसत्या मूत्राशयाचा असेल तर तसं स्पष्ट लिहावं.

— हे पटलं. बदलते. आता वृक्क की मूत्रपिंड? शाळेच्या पुस्तकात वृक्क होतं.

— वृक्क परीक्षेपुरतं. तोच जुना संस्कृत शब्द, चूक काहीच नाही, पण दवाखान्यात कुणाच्या तोंडी नाही. मूत्रपिंड लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे किडनी' जोडा. खरं तर मूत्रपिंड हे नावही त्या अवयवावर थोडा अन्यायच करतं. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळायचा, त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत द्यायचा आणि उरलेल्या दीड-दोन लिटरवरून नाव मिळवायचं!

— थोडं अवांतर: आयुर्वेदात मूत्राशयाला बस्ती म्हणतात आणि एनिमालाही बस्तीच. पूर्वी जनावराच्या मूत्राशयाची पिशवी करून तिच्यातून औषध देत, म्हणून साधनाचं नाव उपचाराला चिकटलं. पत्रकात हा शब्द नको, वाचणारा भलतीकडेच जाईल.

— आणखी एक जागा तपासा. 'लघवी बंद होणे' असं कुठे आहे का? त्याचे दोन अर्थ होतात. लघवी तयार होऊन मूत्राशयात अडकली, तर ती 'तुंबली'. पोट फुगतं, माणूस तळमळतो. मूत्रपिंडांनी ती तयारच केली नाही, तर मूत्राशय रिकामं असतं. पहिल्यात कॅथेटर घातला की मोकळं वाटतं, दुसऱ्यात घालूनही काही येत नाही. 'तुंबणे' हा आपला रोजचा शब्द इतका नेमका आहे की 'मूत्रावरोध' लिहायची गरजच नाही.

— आहे, दोनदा आहे! एक 'तुंबणे' केलं. दुसऱ्या ठिकाणी 'लघवी तयार न होणे'. आणि ती 'मूत्रनलिकेची जळजळ'? 'उन्हाळी लागणे' चालेल?

— घरात चालेल. ऊन पाण्यातलं ऊन ते हेच. पण नव्या पिढीला उन्हाळा ऋतूच आठवेल. 'लघवी करताना जळजळ' लिहा, नळीचं नावच नको.